आठ दिवसांचं दार

ऑफिसात त्याला सगळे कुलूपकाका म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. चष्म्याच्या काचा बनवणारी कंपनी ती. दुकानादुकानांतून रोज नंबर यायचे, कोणाचा डावा डोळा, कोणाचा उजवा, आणि सगळे आतल्या गार खोलीतल्या दोन सर्व्हरवर साठायचे. त्या खोलीची किल्ली काकाच्या कमरेला. पासवर्ड कसा असावा, कुठे लिहू नये, यावर तो उभ्या उभ्या अर्धा तास बोलायचा, आणि ऐकणाऱ्याने जांभई दिली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

त्या काकाला सोमवारी सकाळी दरदरून घाम फुटला.

रविवारी कोणीतरी बाहेरून सर्व्हरमध्ये शिरलं होतं आणि आठवड्याभराच्या ऑर्डरी पुसून गेलं होतं. शिरलं होतं ते ताईंच्या नावाने. ताई म्हणजे पाठवणी विभागातल्या. बावीस वर्षांत एक पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाही. मागच्याच महिन्यात काकाने त्यांच्या कीबोर्डखालची पासवर्डची चिठ्ठी दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर फडकवली होती.

"ताई, घराला कुलूप लावून किल्ली दारालाच टांगता का हो?"

सगळे खो खो हसले होते. ताईही हसल्या होत्या. फक्त त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी चिठ्ठी फाडली आणि लक्षात राहील असा सोपा पासवर्ड ठेवला. लेकीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

पण नुसत्या पासवर्डने कोणी आत येतं का? नाही येत. आधी दार लागतं. आणि कंपनीच्या सर्व्हरला बाहेरून दारच नव्हतं. निदान सगळे तसं समजत होते. फायरवॉल म्हणजे तिथला पहारेकरी. कोणाला आत सोडायचं याची यादी त्याच्यापाशी. त्या यादीत प्रत्येक परवानगीपुढे कारण आणि मुदत लिहायचीच, हा नियम काकाचाच. आणि यादीच्या तळाशी काकाच्याच हातची ओळ होती: 'तात्पुरतं. आईचं ऑपरेशन. आठ दिवस.'

तारीख दोन वर्षांपूर्वीची.

तेव्हा आईच्या खाटेशी बसून काम करता यावं म्हणून त्याने ते दार उघडलं होतं. नवव्या दिवशी आई काठी टेकत चालायला लागली. दार मात्र तसंच राहिलं. का? तर रविवारी सर्व्हर अडला की कपडे बदलून ऑफिसात यावं लागत नव्हतं, घरूनच भागायचं. बाकी काही कारण नाही. त्या दारावर कोणीतरी दिवसभर हजारो पासवर्ड ठोकून पाहिले होते, आणि ताईंच्या लेकीचं नाव बरोबर लागलं होतं.

काकाने दार बंद केलं. मग खोलीत आपण एकटेच आहोत ना, हे मागे वळून पाहिलं आणि ती ओळही पुसून टाकली.

संध्याकाळी आई ताट वाढताना म्हणाली, "देवानं मला उभं केलं, आणि तुझ्या ऑफिसनं तेव्हा सांभाळून घेतलं रे. विसरू नकोस."

त्याने ताटातून मान वर केली नाही.

मंगळवारी मालकीणबाईंनी बैठक बोलावली. कारखान्याचे मॅनेजर होते, ताई कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

"ऑर्डरी दुकानांकडून पुन्हा मागवतोय," मालकीणबाई म्हणाल्या. "ताई उद्यापासून पॅकिंगला बसतील, कॉम्प्युटर नको. आणि यापुढे बाहेरून काम करायचं तर सुरक्षित रस्ता कोणता, ते काका सांगतील."

ताई खाली बघून एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी तर मी फाडली होती हो."

काका उभा राहिला.

"पहिला प्रकार म्हणजे सर्व्हरचं दार सरळ बाहेर उघडायचं आणि पासवर्डवर भिस्त ठेवायची. हे... हे करूच नये. दुसरा व्हीपीएन. म्हणजे घरापासून कंपनीपर्यंत आपला खासगी बोगदा, आणि तोंडाशी पासवर्डशिवाय फोनवरचा कोड. चांगला आहे. पण मी तिसरा सुचवतो. बोगदा, कोड, आणि मध्ये एक चौकी. एक वेगळा कॉम्प्युटर. प्रत्येकाने आधी तिथे थांबायचं. कोण आलं, काय केलं, सगळं तिथे नोंदलं जाईल. आणि त्या नोंदी मला पुसता येता कामा नयेत. नोंदी मालकीणबाईंकडे राहतील."

मॅनेजर हसले. "कुलपालाच कुलूप? तुमच्यावर कशाला पहारा, काका?"

इथे तो हसून वेळ मारून नेऊ शकला असता. त्याने ताईंच्या मुठीतला पदर पाहिला.

"कारण काल मी एक नोंद पुसली," तो म्हणाला. "दार माझं होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी उघडलं. ते नसतं तर ताईंचा पासवर्ड घेऊन कोणीही आत येऊ शकलं नसतं."



"आई कधी बऱ्या झाल्या?" मालकीणबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली, बाई."

त्यांनी समोरची वही मिटली. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे माझी चिठ्ठी फडकवलीत, तेव्हाही ते उघडंच होतं?"

"हो, ताई."

मालकीणबाईंनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली मागून घेतली. ताईंची जागा ताईंकडेच राहिली. काकाकडे उरलं ते चौकी बसवायचं काम, आणि एकेकाच्या टेबलाशी जाऊन फोनवर कोड सुरू करून द्यायचं. ताईंचं टेबल त्याने शेवटी ठेवलं होतं. बसा, असं त्या म्हणाल्या नाहीत. तो उभ्यानेच वाकून त्यांच्या फोनवर खटपट करत राहिला. पडद्यावर सहा आकडे उमटले.

"हा कोड किती वेळ चालतो?"

"तीस सेकंद, ताई. मग आपोआप बदलतो."

"नक्की ना? की आठ दिवस?"

आजूबाजूला कोणी हसलं नाही. काकाचे कान तापले.

"तीसच सेकंद," तो म्हणाला, आणि त्यांनी आकडे टाकेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.