बाराव्या धड्यावरचं प्रश्नचिन्ह

बायको अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आमची एक पद्धत होती. धडा वाचून झाला की फोल्डरच्या नावापुढे ती प्रश्नचिन्ह टाकायची. मी तो ऐकायचा, चुका कागदावर लिहायच्या, तिने त्या दुरुस्त करायच्या आणि मग प्रश्नचिन्ह मी काढायचं. अठरा वर्षं असंच चाललं.

शेवटचं पुस्तक मधमाशीपालनाचं होतं. त्याच्या बाराव्या, म्हणजे शेवटच्या धड्यावरचं प्रश्नचिन्ह राहून गेलं. "ऐकता का?" असं तिने दोनदा विचारलं. मी उद्या म्हणालो. त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही.

महिन्याभरात तिचा कॉम्प्युटरही बंद पडला. माझ्या मेहुण्याने आतली डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडून दिली. अकरा फोल्डर उघडले. बारावा नुसता दिसायचा. उघडायला गेलं की नाव चालत नाही, एवढंच उत्तर. नाव बदलायला गेलो तरी तेच.

तेवढ्यात ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. "काका, अपुरं पुस्तक आम्हाला ठेवता येत नाही. सोमवारपर्यंत धडा आला नाही तर पहिल्यापासून दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल."

म्हणजे तिचं सगळं वाचन पुसलं जाणार. मी डिस्क उचलली आणि मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं.

"दाजी, तुमच्या लॅपटॉपला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही," तो म्हणाला. "ताईच्या मशीनला काहीही चालायचं."

"तुझ्या ताईलाही चालायचं."

"ते दिसतंच आहे. तुम्ही चाललात की."

त्याचं मशीनही तसलंच, त्यावर फोल्डर लगेच उघडला. "चिन्ह काढून टाकतो, मग तुमच्याकडेही उघडेल."

"हात लावू नकोस. आधी ऐकायचंय."

एक्केचाळीस मिनिटं ऐकलं. पेन्सिल हातात होती. नवव्या मिनिटाला पान वाजलं. पुढे तिला दम लागत होता. सत्ताविसाव्या मिनिटाला खोकला आला, आणि त्यात एक अख्खं वाक्य गेलं. तिने दोनदा प्रयत्न केला आणि पुढचं वाचायला घेतलं. असं तिने कधी केलं नव्हतं.

"खोकला कापतो," मेहुणा म्हणाला. "पण वाक्य कुठून आणू? जाऊ दे दाजी, कुणाला कळणार आहे?"

"ऐकणाऱ्याचा हात मधमाश्यांच्या पेटीत असतो रे."

पिशवीतून पुस्तक काढलं. त्याने माझ्यापुढे माइक ठेवला. झाकण लावण्याआधी कडेवरच्या माश्या ब्रशने अलगद बाजूला कराव्यात, एवढंच ते वाक्य.

"दाजी, बातम्या देऊ नका. नुसतं वाचा."

तिसऱ्यांदा जमलं. सगळा धडा पुन्हा ऐकला आणि मग प्रश्नचिन्ह मी काढलं.

सोमवारी बाईंचा फोन आला. "सत्ताविसाव्या मिनिटाला पुरुषाचा आवाज आहे."

"माझा आहे. तिचं एक वाक्य राहिलं होतं."

त्या म्हणाल्या, "पुस्तकाच्या सुरुवातीला वाचणाऱ्याचं नाव सांगतो आम्ही. आता तुमचंही सांगावं लागेल."

मी म्हणालो, "तिच्यानंतर सांगा."