चावीवाल्यांची वाट

बादल्या उभ्या, डबे उभे, डब्यांमागे बाया उभ्या. आणि चावीवाले व्हॉल्व्हची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सावलीत चहाच्या घोटाला फुंकर घालत बसायचे. वस्तीचं पाणी सोडण्याची नोकरी त्यांनी राजासारखी केली. निवृत्त झाले तरी लोक त्यांना चावीवालेच म्हणत.

आता मात्र त्यांचंच अडलं होतं. सकाळी वस्तीतल्याच दवाखान्यात डॉक्टरांनी लेझरनं प्रोस्टेट ग्रंथीचा वाढलेला भाग काढला. रक्त फारसं नव्हतं, म्हणून लघवीची नळी दुपारीच काढून टाकली.

"आपली आपण लघवी झाली की घरी," डॉक्टर म्हणाले. "माझ्या संध्याकाळच्या फेरीपर्यंत नाही झाली, तर नळी परत घालू. मग नळी अन् पिशवीसकट घरी."

चावीवाल्यांचा चेहरा उतरला. "हात हलवत जाईन, हात हलवत येईन," असं त्यांनी गल्लीभर मिरवलं होतं. त्याच गल्लीतून आता पिशवी सांभाळत जायचं?

ते संडासात शिरले. दाराबाहेर बायको आणि मेहुणी.

"झालं का हो?"

"तू विचारत राहिलीस की होत नाही."

"राहू दे ताई," मेहुणी म्हणाली. "भावोजींना विचारलेलं कधी आवडलंय? आपण पाण्याचं विचारायचो, तेव्हाही असंच तोडायचे."

पोट फुगून तटतटू लागलं. थेंब काही येईना. सिस्टर येऊन म्हणाली, "काका, नळ सोडा. धारेच्या आवाजानं होतं."

त्यांनी नळ सोडला. नळानं एक लांब उसासा टाकला आणि गप्प बसला.

"टाकी रिकामीच दिसतेय," सिस्टर म्हणाली. "तुमच्या जागेवरचा तो नवा, रोज उशीर करतो."

बाटलीनं धार सोडावी, तर बाटल्यांतलं पाणी त्यांनीच पिऊन संपवलं होतं. शेवटी आतूनच त्यांनी त्या नव्याला फोन लावला. त्याला त्यांनीच तयार केलं होतं.

"दवाखान्याचं पाणी सोड रे, लवकर."

"साहेब, फोन आला की आणखी उशीर करायचा, हे तुमचंच शिक्षण. नाहीतर लोक डोक्यावर बसतात."

"अरे, मी बोलतोय."

"सगळेच म्हणतात, मी बोलतोय."

व्हरांड्यात डॉक्टरांचा आवाज आला. शेजारच्या खोलीपर्यंत पोचले होते. चावीवाल्यांचा आवाज एकदम मऊ झाला. इतका मऊ बायकोनं लग्नातही ऐकला नव्हता.

"बाबा रे, हात जोडतो. फार अडलंय."

पलीकडे चहाचा घोट वाजला. "बरं. एवढा संपवतो."

तो घोट केवढा लांब होता, हे चावीवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

मग नळ खोकला, गंजकं थुंकला, आणि धार लागली. बायकोनं दाराला कान लावला.

"सुरू झालं गं."

"नळाचं की भावोजींचं?"

"दोन्ही."

डॉक्टरांनी मशीन पोटावर फिरवून पाहिलं. मूत्राशय रिकामं झालं होतं. नळीची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी चावीवाले खरंच हात हलवत गल्लीत शिरले. गल्लीचं पाणी अजून सुटायचं होतं; रिकाम्या बादल्यांशी बाया उभ्याच होत्या. एकीनं विचारलं, "सगळं नीट झालं ना?"

त्यांची मान पुन्हा ताठ झाली. "न व्हायला काय झालं? सगळं आपल्या हातात असतं."

"हो ना," मागून बायको म्हणाली. "मघाशी फोनवर जोडले होते, त्याच हातांत."

बादल्यांच्या रांगेत हसू पसरलं. चावीवाले घाईघाईनं घराकडे वळले. त्यांना पुन्हा लागली होती.