भिडेची सही

प्राध्यापक हेमचंद्र यांना नाही म्हणता येत नसे. अमरावतीत ही गोष्ट पोस्टमनपासून पुढाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक होती. कुणाच्या भाच्याला शिफारस हवी असो की कुणाच्या उत्सवाला अध्यक्ष, कागद घेऊन त्यांच्याकडे जावे. ते वर न बघता सही करत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती कधीकधी रक्तपाताची मावशीही असते, हे त्यांना अजून कळायचे होते.

१९६२ चा जानेवारी होता. तीन ते पाच फेब्रुवारीला मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार म्हणून सारे वऱ्हाड धास्तावले होते. हेमचंद्र मात्र निराळ्याच प्रलयात गुंतलेले. एखादा अवजड तारा विझून स्वतःच्याच ओढीने आत कोसळत गेला, तर शेवटी त्यातून उजेडही बाहेर पडणार नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. सात वर्षे ते त्या गणितामागे होते.

एका सकाळी शेजारचे केशवराव वकील आले. ग्रहांचा कोप टाळण्यासाठी निघालेल्या शांतियज्ञ समितीचे ते अध्यक्ष. त्यांनीच शब्द टाकला म्हणून हेमचंद्रांना कॉलेजात नोकरी लागली होती.

"प्रोफेसर, एक सही. पत्रकावर तुमचं नाव शोभेल."

"अहो, आधी वाचा तरी!" पत्नी शैलाबाई आतून म्हणाल्या.

"वाचतो कुठला! इकडे माझा तारा कोसळतोय!"

सही झाली. केशवराव चहा पिऊन गेले.

चार फेब्रुवारीला, रविवारी, शैलाबाईंनी हेमचंद्रांना सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला पिटाळले. भाजीबाजार ओस पडला होता. एका कोपऱ्यात माणिकबाई आणि तिचा नवरा नत्थुजी तेवढे वांग्यांची पाटी आणि सांबाराच्या जुड्या मांडून बसले होते.

"आज तुम्ही दोघंच?" हेमचंद्रांनी विचारले.

"लोकं म्हन्तेत दुनिया बुडून राह्यली," माणिकबाई म्हणाली. "बुडो बापा! पन नाई बुडाली त सडकी वांगी ग्रह खाईन का?"

हेमचंद्र हसले. तेवढ्यात शांतियज्ञाचे वीस-पंचवीस स्वयंसेवक आले. काम शांतीचे असल्यामुळे लाठ्यांना तेल पाजलेले होते.

"बजार बंद म्हनलं होतं ना!" म्होरक्या देवरावने पाटीला लाथ घातली.

"कोन म्हनलं?" नत्थुजी उठला.

"हे पाय! ग्रहाचा जोर मोजनाऱ्या परफेसरची सही हाय! जो दुकान मांडन तो गावावर संकट आनन!"

पत्रक हेमचंद्रांच्या नाकासमोर फडफडले. खाली त्यांचीच ठसठशीत सही होती. 'थांबा' हा शब्द ओठांपर्यंत आला. पण घोळक्यामागे केशवराव उभे होते. एवढ्या उपकारकर्त्या माणसाला चारचौघांत खोटे कसे पाडावे?

त्या एका क्षणात देवरावने तराजूतले लोखंडी वजन उचलून नत्थुजीच्या तोंडावर हाणले. डोळ्याच्या जागी रक्ताचा लोंढा आला. तो कोसळला, तसे दोघे त्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागले. माणिकबाई नवऱ्याच्या अंगावर पडली. लाठी बसली आणि तिचे मनगट वाळल्या तुराटीसारखे कडाडले. "मारा! गावावरचं संकट टाळा!" कुणीतरी ओरडले.

"थांबा!" हेमचंद्र अखेर मध्ये घुसले. "सही माझी आहे! मी न वाचता केली! मजकूर साफ खोटा आहे! आठांतले सूर्य-चंद्र तर रोजचेच! उरलेल्या पाच ग्रहांची मिळून ओढ चंद्राच्या ओढीच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही नाही! आणि आठवा केतू तर वस्तूच नव्हे!"

वस्तू नसलेल्या केतूचा अपमान देवरावला सोसवला नाही. त्याने हेमचंद्रांच्या तोंडावर लाठी मारली. चष्मा फुटला, दोन दात धुळीत पडले. ते पुन्हा उठून नत्थुजीसमोर उभे राहिले. "केशवराव," ते रक्त थुंकत म्हणाले, "तुमचे उपकार आहेत. पण हे पाप आहे!"

रोज लेंगा-कोटात दिसणाऱ्या प्राध्यापकाचे ते तोंड पाहून लाठ्या एकेक करून खाली आल्या. घोळका पांगला. सर्वांत आधी केशवराव पांगले.

सरकारी दवाखान्यात माणिकबाई गळ्यात हात बांधून बसली होती. हेमचंद्रांनी तिच्यापुढे हात जोडले.

"मास्तर," ती शांतपणे म्हणाली, "मी एकेक वांगं दाबून पायतो. किडकं असन त फेकून देतो. गिऱ्हाईक कितीबी मोठं असो, त्याच्या भिडंखातर किडकं देत नाई. तुमी त शिकले-सवरले जी! कागद वाचला नाई, अन् मंग डोयानं पाहूनबी उभेच राह्यले. कावून?"

सात वर्षांच्या गणितात हेमचंद्रांना एवढा अवघड प्रश्न पडला नव्हता. उत्तर मात्र सोपे होते, आणि लाजिरवाणे. "भीड वाटली, बाई."

"तुमची भीड," ती म्हणाली, "अन् माह्या मानसाचा डोया."

जमादार जबानी घ्यायला आला. हेमचंद्रांनी देवरावचे नाव सांगितले, केशवरावांचेही सांगितले. "आणि सर्वांत वर माझं लिहा."

"सर, तुमच्यावर कलम कोणतं लावू? भिडेला कलम नाही."

"असायला हवं होतं," हेमचंद्र म्हणाले.

सहा तारखेला सूर्य वेळेवर उगवला. नत्थुजीला तो एकाच डोळ्याने पाहावा लागला.

नागरिकहो, लाठी उगारणारे थोडेच असतात. त्यांना बळ येते ते आपल्यासारख्या सज्जनांच्या गप्प बसण्याने. मनाला न पटणाऱ्या गोष्टीला नाही म्हणा. समोर उपकारकर्ता असला तर हात जोडून म्हणा, पण पहिला घाव पडायच्या आधी म्हणा!