पोळ्याआधीचा देव

कढईतल्या तेलावर धूर दिसू लागला तसा बोरटेकच्या पारावर जमलेल्या गर्दीने अजिनाथबाबांचा जयजयकार केला. पार म्हणजे काही थोरामोठ्यांचं व्यासपीठ नव्हे, पिंपळाखालचा दगडी ओटा. पण त्यावर बाबा घुमत होते आणि खाली अख्खं गाव हात जोडून उभं होतं.

"आकाशातला सर्वर माझ्या जटंत उतरलाय!" बाबा गरजले. "गोरक्षनाथा, पुढं ये! तुझा पासवर्ड राजा, बारा, बारा!"

गर्दीतला गोरक्षनाथ तिथंच लोटांगण घालता झाला. पासवर्ड बरोबर होता. त्याच्याआधी सुरेखाचा बरोबर निघाला होता, त्याआधी तिच्या दिराचा. देवाला एवढं इंग्रजी कधीपासून यायला लागलं, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणीही नव्हतं.

पाथर्डी तालुक्यातलं हे गाव दसरा झाला की ऊसतोडीला निघतं. ट्रक येऊन उभे होते, त्यांत बैल नि भांडीकुंडी चढवून झाली होती. सहा महिने परमुलखात राहायचं, फोन उसात हरवतो नाहीतर पाटात पडतो, मग पीकविम्याचे, पोरांच्या शिष्यवृत्तीचे पासवर्ड लक्षात कसे राहावेत? तोडकऱ्यांनी सोपी तोड काढली होती. पासवर्ड म्हणजे आपल्या बैलाचं नाव आणि पुढे आवडीचा आकडा. तो निघण्याआधी आरतीच्या सेवा केंद्रात, तिच्या कॉम्प्युटरवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवून जायचा. गाव त्याला तिजोरी म्हणे. बोरटेकला इंटरनेट वाऱ्यावर येतं नि वाऱ्यावर जातं, म्हणून ती तिजोरी त्या एका कॉम्प्युटरच्या पोटातच असायची.

आज सकाळी आरतीने कॉम्प्युटर चालू केला आणि तिजोरी गायब. ती काही बोलायच्या आत बाबांच्या अंगात आलं होतं.

"चेटकिनीनं गिळली!" असं म्हणून बाबांनी बोट दाखवलं ते आरतीच्या सासूकडे, मनकर्णाबाईकडे. म्हातारी विधवा होती आणि तोंडाने सडेतोड होती. गेल्या पावसाळ्यात साप चावलेली एक पोर तिने बाबांच्या पुढ्यातून उचलून सरकारी दवाखान्यात नेली होती आणि पोर वाचली होती. गावाने श्रेय बाबांच्या अंगाऱ्याला दिलं, पण बाबांनी ते बोट तेव्हापासून राखून ठेवलं असणार.

पुढचं सगळं आरतीच्या डोळ्यांदेखत झालं. टोळीचा मुकादम कारभारी घरात घुसला आणि मनकर्णाबाईला अंबाड्याला धरून दगडगोट्यांवरून फरफटत पारापर्यंत घेऊन आला. बायकांनी चपला काढल्या. कुणीतरी दगड मारला तो कपाळावर बसला आणि रक्त भुवईवरून डोळ्यांत उतरलं. आरती आडवी आली तर एका काठीने तिचा ओठ फुटला आणि दोघीजणींनी तिचे हात मागे पिरगाळून धरले. त्यातली एक सुरेखा होती. आरतीचा नवरा ट्रॅक्टर घेऊन नगरला गेला होता. वाचवायला यावं असं जवळ कुणी नव्हतं आणि जे होते तेच मारत होते.

बाबांनी कढईत नाणं टाकलं. "काढ हातानं! निर्दोष असशील तर तेल थंड लागंल. भाजलीस तर चेटकीन!"

कारभारीने म्हातारीचं मनगट धरलं. ती हात मागे ओढत होती. सासूचा, आपल्या आत्याचा हात आता जातो, एवढंच आरतीला दिसत होतं.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बाबा, माझाबी पासवर्ड सांगा हो!" बाबांनी मान उजवीकडे कलती केली आणि थांबले. आरतीचं लक्ष त्यांच्या मागे बसलेल्या कल्याणकडे गेलं. बाबांचा हा चेला, एक हात जपाच्या पिशवीत घालून पुटपुटत होता. जप करणारा माणूस पिशवीत डोकावून का बघतो? आणि देवाला ऐकायला मान कलती का करावी लागते?

मग तिला सगळं एकदम आठवलं. पोळ्याआधी तिचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा दुरुस्तीला हाच कल्याण आला होता. 'ताई, मशीन पुसावं लागंल. तिजोरीची नक्कल साध्या यादीत काढून द्या, कुलूपबंद नक्कल नंतर उघडायची न्हाई,' असं म्हणाला होता. तिने विश्वासाने काढून दिली होती. आणि कालच तो बाबांचे फलक छापायला केंद्रात येऊन तासभर बसला होता.

"थांबा!" आरती कारभारीकडे बघून किंचाळली. "तात्या, तुमचा पासवर्ड इचारा बाबांना. मग घाला आत्याचा हात तेलात, मी आडवी यायची न्हाई."

कारभारी थबकला. आपलाच पासवर्ड देवाच्या तोंडून ऐकायची हौस कुणाला नसते?

"सोपं हाय!" बाबा घुमले, मान कलली, ओठ हलले. "सोन्या, सात, सात, सात!"

गर्दीने जयजयकार केला. कारभारीने मात्र म्हातारीचं मनगट सोडलं.

"काय झालं, मुकादम?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"सोन्या इकला मी," कारभारी हळूच म्हणाला. "पोळा झाल्यावर, घोडेगावच्या बाजारात. दावं सोडताना हंबरला त्यो. मग रोज त्याचं नाव टायपायला जीव हुईना. म्हून आरतीकडून बदलून घेतला."

"बैल गेला तरी देवाच्या दावनीला हाय, बाळा!" बाबांनी सावरून घेतलं. "देव जुनी मानसं इसरत न्हाई!"

"आता विजयमालेचा सांगा," आरती म्हणाली.

मान कलली. पिशवीतली बोटं चाळवली. "विजयमाला! गुलाब, सहा, सहा! पोरी, पुढं ये. तुझी पीडा मी घेतली!"

कुणीच पुढे आलं नाही. बाबांनी पुन्हा हाक मारली, जरा प्रेमाने. आरतीच्या हातावरची सुरेखाची पकड सैल झाली.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या गावात विजयमाला कोनच न्हाई."

"न्हाईच," आरती म्हणाली. "तिजोरी वापरायला शिकताना मी सरावासाठी लिहिलेलं नाव हाय ते. जगात फक्त त्या यादीत हाय ही बाई. तिची पीडा कशी घेतली, बाबा?"

हात सुटताच ती पारावर चढली आणि तिने बाबांची जटा धरून ओढली. जटेतून वाटाण्याएवढं कानातलं यंत्र निसटलं आणि दगडावर टणकन पडलं. कल्याण पळाला, पण गोरक्षनाथाने त्याला ट्रकपाशी गाठून आडवा केला. जपाच्या पिशवीत मोबाईल होता आणि मोबाईलवर अख्ख्या गावाची यादी उघडी होती. आरतीने ती सगळ्यांना दाखवली नाही. फक्त कारभारीला त्याची ओळ दाखवली. सोन्या, सात, सात, सात.

"चमत्कार एवढाच," ती रक्त थुंकून म्हणाली. "या कल्याणनं पोळ्याआधीची नक्कल चोरली आन काल माझ्या कॉम्प्युटरातली मूळ तिजोरी पुसली. ह्यो वाचतो, बाबा कानात ऐकतो. म्हून यांच्या देवाला पोळ्याच्या पुढचं काही ठावं न्हाई. उघडी नक्कल करून दिली ती माझी चूक. पन दर रविवारी मी तिजोरीची कुलूपबंद नक्कल घरातल्या जुन्या फोनात ठेवते. ती याला ठावी नव्हती आन ती उघडायचा किल्लीचा शब्द माझ्याशिवाय कुनाला ठावा न्हाई. तुमचं काहीबी गेलं न्हाई. समदं परत भरता येतं. नंतर समद्यांनी पासवर्ड बदलून घ्या, बस्स."

एवढं ऐकून गाव शहाणं झालं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. गाव फक्त दुसरीकडे वळलं. कल्याणच्या बरगड्यांवर लाथा बसू लागल्या. कारभारीने बाबांना जटेला धरून कढईकडे ओढलं.

"घाला याचाच हात! बघू देव थंड करतो का!"

"नगं, नगं!" बाबा गुरासारखे ओरडले. "तेल लई तापलंय!"

हे मात्र त्यांनी दिवसभरात सांगितलेलं पहिलं खरं वाक्य होतं. काही लोक हसले. कारभारी हसला नाही, त्याने बाबांचं मनगट कढईवर आणलं.

आरती मध्ये शिरली आणि तिने दोन्ही हातांनी कारभारीचा दंड धरला. "याचा हात भाजला म्हून काय कळनार? आत्याचाबी भाजला असता. देवमानूस असता तरी भाजला असता. तेल समद्यांना भाजतं, तात्या, खरंखोटं त्याला कळत न्हाई. ते मानसानं इचारून शोधायचं असतं. मी काय केलं? परश्न इचारला. तुमच्यातल्या कुनालाबी इचारता आला असता."

कारभारीचा हात ढिला पडला. सुरेखाने जाळावर माती लोटली.

कुणीतरी फोन केला होता, पोलिसांची गाडी आली. फौजदाराने म्हातारीचं कपाळ पाहिलं आणि विचारलं, "कुणी मारलं?"

"बाबानं! बाबानं!" सगळ्या गावाने एका सुरात सांगितलं.

मनकर्णाबाई सुनेच्या खांद्याला धरून उठली. पदराने तिने डोळ्यातलं रक्त पुसलं आणि एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलू नगा," ती म्हणाली. "बाबानं मला हात लावला न्हाई, साहेब. त्यानं नुसतं बोट दाखवलं. मारलं यांनी."

मग कारभारी मान खाली घालून पुढे आला आणि त्याने फौजदाराला स्वतःचं नाव सांगितलं.