निळ्या चौकड्याचं ठिगळ

लंडनला राणीने रूबेनच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला, आणि घरी लँकाशरला त्याच्या आईने त्याला साधं बस म्हटलं नाही. हॅना मागावर बसली होती, ती विणतच राहिली.

शेजारची पेग कालवणाचं भांडं घेऊन आली. "अगं, राणीने ज्याला हात लावला त्याला तू पाणीसुद्धा विचारेनास?"

"राणीची पोरं घरी आहेत. माझी दोन गेली, एक आलं."

पेग भांडं ठेवून निघून गेली.

क्रायमियात गोळ्यांच्या माऱ्यातून रूबेनने कॅप्टन थर्लोला उचलून आणलं, म्हणून हे पदक. त्याचा थोरला भाऊ इनॉक, त्या कॅप्टनचा नोकर, तिथेच जखमी पडला होता. तो तिथेच राहिला. सख्ख्या भावाला टाकून साहेबाला उचललं, हे हॅनाच्या मनात रुतून बसलं होतं.

खरं काय ते रूबेनलाच ठाऊक. शत्रूचे नेमबाज कोट बघून साहेब टिपायचे, म्हणून शूर कॅप्टनसाहेबांनी शक्कल काढली होती: नोकराचा जाडाभरडा कोट अंगात घालायचा. त्या दिवशी धुरात रूबेनला एक माणूस पालथा पडलेला दिसला. पाठीवर निळ्या चौकड्याचं ठिगळ, आईच्या मागावरचं कापड. "इनॉक, मी आलो रे," म्हणत त्याने त्याला खांद्यावर घातलं. खंदकात उतरवून तोंड पाहिलं, तर कॅप्टन. तो वेड्यासारखा परत निघाला, पण तोवर त्याच्या पायात गोळी शिरली होती आणि सोबत्यांनी त्याला दाबून धरलं. संध्याकाळपर्यंत इनॉकच्या हाका ऐकू येत होत्या.

एवढं आईला सांगायचं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं, यासाठीच तो आला होता.

"आई, ऐक ना..."

हॅनाने माग थांबवला. "आधी मला सांग. निघताना त्याच्या कोटाला मी ठिगळ लावलं होतं. मुद्दाम पाठीवर, गर्दीत तुला तो लांबून ओळखू यावा म्हणून. दिसलं नाही तुला?"

रूबेनने तिच्या हातांकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर ही बाई मरेपर्यंत स्वतःच्या हातांना शिव्या देत बसेल.

"नाही दिसलं, आई."

"मग जा," हॅना म्हणाली, आणि माग पुन्हा खडखडू लागला.