जुन्या नमुन्यावरचा फ्रॉक

१९९१ साल. त्या वर्षी शिवणवालीच्या मुलीच्या रक्तातली साखर काठावर आली होती. "बारा आठवडे व्यायाम करून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरली तर ठीक, नाहीतर गोळ्या सुरू."

मुलगी अकरा वर्षांची. जन्मली तेव्हा दीड किलोची, म्हणून घरात नाव पडलं काडी. पुढे काडीचा ओंडका झाला तरी नाव तेच राहिलं, आणि शाळेतल्या पोरांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

साखर काय करते, हे शिवणवालीला कुणी सांगायला नको होतं. नवरा बसचा ड्रायव्हर. गेल्याच वर्षी त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. आता तो डेपोत तिकिटाच्या खिडकीमागे बसायचा. काडीच्या गुबगुबीत पावलांकडे नजर गेली की शिवणवाली नकळत तिची बोटं मोजे.

आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरे. दोरीवरच्या उड्या, जिना चढ-उतर, जड चेंडू डोक्यावरून फेकणं. शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडात सतत शिट्टी, म्हणून मुलांनी त्यांना शिट्टीबाई करून टाकलं होतं. बाकीच्या आया बाकावर गप्पा मारत बसायच्या. शिवणवालीच्या पायाला मात्र भिंगरी. भिंतीच्या कडेनं तिच्या येरझारा चालायच्या.

"अहो काडीची आई, वर्ग मुलांचा आहे," शिट्टीबाई ओरडल्या. "तुम्ही का धापा टाकताय?"

"बसवत नाही हो."

रोज सकाळी ती काडीला किराणावाल्याच्या पोत्यांच्या काट्यावर उभी करी. तिसऱ्या आठवड्यात काटा जिथल्या तिथे. सहाव्यात पाव किलो वरच.

"वहिनी, काटा दमला, पोरगी दमेना," किराणावाला म्हणाला. काडी हसली. आई हसली नाही.

त्याच दुपारी तिनं हिरवं कापड काढलं. मुलांचे कपडे शिवताना शिवणीत दोन बोटं माया सोडायची, ही तिची वीस वर्षांची सवय. मूल वाढतं, शिवण उसवून कापड मोकळं करता येतं. या खेपेला तिनं एक सूतभरही माया सोडली नाही. शिवाय पेटीतून काडीच्या नवव्या वर्षाचा कागदी नमुना काढला आणि तोच कापडावर ठेवून कात्री चालवली.

"हा कुणाचा?" नवऱ्यानं विचारलं.

"काडीचा. बाराव्या आठवड्याचा."

"अगं, यात तिचा एक हात जाईल!"

"तुम्ही तुमची तिकिटं फाडा."

बाराव्या आठवड्यात, तपासणीच्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी काडीला फ्रॉक घातला. कमरेचा हूक लागला, पण तिकडे आईचं लक्षच नव्हतं. काडीनं हात वर केले आणि दोन्ही खांद्यांवर कापड टर्रकन फाटलं.

"आई, मी आणखी जाडी झाले?"

शिवणवालीनं फ्रॉक तिच्या डोक्यावरून ओढून काढला. तिनं घाईघाईनं शाळेचा स्कर्ट चढवला. तो खाली घसरायला लागला, तेव्हा कमरेला पिन ठोकली आणि पोरीला ओढतच निघाली.

दवाखान्याच्या काट्यावर वजन किलोभर जास्त निघालं. रक्त दिलं. मग दोन तास वाट बघायची होती. काडीनं डब्यातलं खाल्लं आणि बाकावर डुलकी काढली. आई जिना चढत-उतरत राहिली. शेवटी हाक आली.

"साखर उतरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी नको."

"पण वजन तर वाढलंय! नीट बघा ना, कागद दुसऱ्याचा नसेल?"

"तिचाच आहे. पाऊण इंच उंची वाढलीय, खांदे भरलेत. वजन नाही उतरलं तरी व्यायामानं साखर उतरते, बाई. व्यायाम तेवढा सोडू नका." मग त्या वाकल्या. "आणि ही पिन कशाला?"

शिवणवालीनं पिनेकडे पाहिलं. गळ्यातली टेप काढून तिनं काडीच्या कमरेभोवती फिरवली. पुन्हा फिरवली. स्कर्ट शिवतानाच्या मापापेक्षा अडीच इंच कमी. दुरून बघून गिऱ्हाइकाचं माप सांगणारी ती, आणि पोटच्या पोरीला बारा आठवडे टेपच लावली नव्हती. मटकन ती खुर्चीत बसली. किती दिवसांत अशी बसली नव्हती.

घरी येऊन तिनं हिरव्या फ्रॉकचे खांदे उसवले, दुसऱ्या कापडाचे तुकडे जोडले आणि आत भरपूर माया ठेवली. काडीनं तो दोन वर्षं वापरला.

शिट्टीबाईंचे गुडघे पुढे कामातून गेले, तरी त्या खुर्चीतून शिट्टी वाजवायच्या. किराणावाल्याचं दुकान गेलं, काटा भंगारात गेला. ड्रायव्हर काडीबरोबर रोज डेपोपर्यंत चालत जाऊ लागला. आणखी बारा वर्षं जगला, उरलेल्या आठ बोटांनिशी. काडी कधीच बारीक झाली नाही. टपाल कचेरीत लागली, पायीच जायची. एकेचाळिसाव्या वर्षी तिला साखरेची गोळी लागली. तीस वर्षं उशिरा, असं ती हसत सांगते. शिवणवाली ऐंशीला टेकली आहे. काडीला संध्याकाळी घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला, की अजूनही दारापासून फाटकापर्यंत येरझारा घालते.