एकोणीस वर्षांची नायिका

बावीस वर्षं मी आमच्या शहराच्या नाट्यगृहात ऑपेराआधीचं प्रास्ताविक केलं. प्रयोगाच्या पाऊण तास आधी वरच्या हॉलमध्ये लोक जमायचे आणि मी वीस मिनिटांत त्यांना कथा सांगायचे, कुठे कान द्यायचा ते सांगायचे, पियानोवर चार सुरावटी वाजवून दाखवायचे. बहुतेक मंडळी पेन्शनीतली. पेटर्सनबाई तर पिशवी ठेवून पहिल्या रांगेतली खुर्ची अडवायच्या. "वीगर्सबाई, तुमचं ऐकून घेतलं की आत डुलकी लागली तरी चालते," असं मला तोंडावर सांगायच्या.

मला लोकांना हसवता यायचं. इतर शहरांत प्रास्ताविकाला तीस माणसं येत, माझ्याकडे दीडशे. त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या नोव्हेंबरात एका ऑपेराचे नवे प्रयोग लागले होते. मिठागराच्या मालकाची मुलगी, वय एकोणीस, समुद्रावर गेलेल्या नवऱ्या मुलाची वाट बघत राहते, अशी गोष्ट. मुख्य भूमिका करणारी तरुण गायिका ऐनवेळी आजारी पडली. तेव्हा गुडरून हाउक पुढे आली. ती अठरा वर्षं आमच्याच नाट्यगृहात नोकरीला होती. अलीकडे तिच्या वाट्याला आईच्या नाहीतर दाईच्या भूमिका येत होत्या. पण ही भूमिका तिने सव्विसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात केली होती, ती तिला पाठ होती. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

रविवारचा दुपारी चारचा प्रयोग. सव्वातीनला मी बोलायला उभी राहिले. कथा सांगितली, गायिका बदलल्याचं सांगितलं आणि मग म्हणाले, "नायिका एकोणीस वर्षांची आहे. आज हा आकडा आपण सगळ्यांनी जरा मोठ्या मनाने घ्यायचा आहे."

हॉल खळखळून हसला. पेटर्सनबाईंनी तर डोळे पुसले. मी खूश.

तिसऱ्या अंकात मुलगी बापाला म्हणते, "मी एकोणीसचीच आहे, बाबा. मला कसली घाई?" गुडरूनने ती ओळ अगदी हळू म्हटली, जवळजवळ आवाजाशिवाय. वाद्यंही तिथे थांबतात. आणि त्या शांततेत आधी उजवीकडून कुणीतरी फिसकन हसलं, मग मागून दोघं-तिघं. माझीच माणसं. मी बाल्कनीत बसले होते, मला डोकी हललेली दिसली.

गुडरून थांबली नाही. शेवटपर्यंत चोख गायली. पण पडदा पडल्यावर ती नमस्काराला एकदाच आली.

दुसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये सूप पीत एकटीच बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं असणारच. मी ट्रे घेऊन तिच्या टेबलापाशी गेले.

"गुडरून, काल छान झालं गं."

"तुझंही," ती म्हणाली. "लोक हसले म्हणे."

मी तिथे बसायला हवं होतं. "मीटिंग आहे," म्हणाले आणि ट्रे घेऊन दुसरीकडे गेले. सूप मी जिन्यात उभ्याने प्यायले.

पुढचे प्रयोग गुडरूनने केले नाहीत, दुसऱ्या गावाहून गायिका आणावी लागली. उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली आणि ती फ्लेन्सबुर्गला जाऊन गाणं शिकवू लागली. तिच्या निरोपाच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. तुम्हाला वाटेल, त्यानंतर माझी जीभ सुधारली असेल. तसंही नाही. नऊ वर्षं मी तशीच बोलत राहिले आणि हॉल तसाच हसत राहिला.

निवृत्त झाल्यावर मात्र घरात ते हसू फार ऐकू यायला लागलं. गेल्या मार्चमध्ये मी गुडरूनला पत्र लिहिलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं: गुरुवारी ये, तीन वाजता माझी शिकवणी असते.

तिचे केस पांढरे झाले होते. तिने कॉफी ओतली, केक कापला. मी बसमध्ये घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं: तो विनोद, ते हसणं, माझा भित्रेपणा.

"विनोदाचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली. "अठ्ठेचाळीसची होते, दिसत होतं. थिएटरात याहून वाईट ऐकलंय मी."

"मग?"

"प्रयोगाआधी, शुक्रवारी तुला कँटीनमध्ये तासभर सांगत बसले होते, ते आठवतं?"

आठवत होतं. इथेही मी ते आतापर्यंत सांगितलं नाही. प्रास्ताविकासाठी मीच तिला भेटायला बोलावलं होतं. ती म्हणाली होती की सव्विसाव्या वर्षी ती ओळ तिने आशेने म्हटली होती. आता कळतं, ती मुलगी घाबरलेली आहे. नवरा मुलगा येणार नाही हे तिला बापाआधी कळलंय, म्हणून ती ओळ हळू म्हणायची. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, दोन पानं भरून.

"तू त्यांना एवढंच सांगितलं असतंस," गुडरून म्हणाली, "तर त्यांनी ती ओळ ऐकली असती गं. तेवढंच तर तुझं काम होतं, आल्मुट."

मग विचारू नये ते मी विचारलं, "माफ केलंस का मला?"

"हो म्हटलं की तू निवांत घरी जाशील." तिने माझ्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. "खा. मी स्वतः केलाय."

तीनला बेल वाजली. गालांवर गारठ्याची लाली असलेली एक मुलगी आत आली. "ह्या वीगर्सबाई," गुडरूनने तिला सांगितलं, "आम्ही एकाच नाट्यगृहात होतो." मग दोघी आतल्या खोलीत गेल्या.

मी कोट चढवला. आत मुलीने सूर लावला. गुडरूनने तिला थांबवलं, काहीतरी समजावलं, बराच वेळ, शांतपणे. शब्द मला ऐकू आले नाहीत. मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले.